ताबा, पोषण, शिक्षण… आणि भेट

या मालेत आजवर आपण तह, लढाया, चळवळी यांच्याबद्दल पुष्कळ बोललो. आजचा विषय घरातला आहे. खरं सांगायचं तर घर मोडल्यानंतरचा आहे. नवरा-बायको वेगळे झाले आणि मूल एकाकडे राहिलं, तर दुसऱ्याने त्या मुलाला कधी भेटायचं, कुठे, किती वेळ, आणि कोणाच्या परवानगीने? आज हा प्रश्न आपल्या ओळखीच्या एखाद्या तरी घरात असतोच. त्याला इतिहासही आहे, आणि तो इतिहास आजच्या कागदपत्रांत अजून दिसतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात गेलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आज ॲक्सेस आहे." म्हणजे आज मुलाला भेटण्याचा दिवस. वकील, कारकून, आजी-आजोबा सगळे हाच शब्द वापरतात. 'भेट' असा चांगला शब्द आपल्याकडे असताना तिथे तो फारसा कोणी वापरत नाही. कदाचित बरोबरच आहे. भेट म्हटलं की आपल्याला भरतभेट आठवते. घड्याळ लावून, समुपदेशकाच्या देखत झालेली दोन तासांची गाठ त्या शब्दात नीट मावत नाही. दुसरा शब्द म्हणजे 'ताबा'. हा मात्र आपल्या कचेऱ्यांमध्ये मुरलेला. शेताचा ताबा, गाळ्याचा ताबा, आणि मुलाचाही ताबा.

आता कायद्याचं पुस्तक उघडू. हिंदू विवाह कायदा, १९५५. त्याचं कलम २६ मुलांविषयी आहे. खटला चालू असताना किंवा निकाल देताना अज्ञान मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांबाबत न्यायालयाला योग्य वाटेल तो आदेश देता येतो. शक्य तिथे मुलांची इच्छा पाहायची. आणि दिलेला आदेश पुढे बदलताही येतो. एवढं ते कलम सांगतं. तीन शब्द आहेत : ताबा, पोषण, शिक्षण. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम ३८ मध्येही हेच तीन. भेट हा चौथा शब्द दोन्हीकडे नाही. मग आपल्याकडे दर आठवड्याला भेटीचे जे आदेश निघतात, ते कशाच्या जोरावर? आणि हा चौथा शब्द गेला कुठे? कारण तो एका कायद्यात आला होता. एका आईने तो मिळवला होता.

हे तीन शब्द इथे जन्मलेले नाहीत, त्यामुळे थोडा वेळ लंडनला जावं लागेल.

तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम सरळ होता : मूल बापाचं. औरस मुलावर आईचा कायदेशीर हक्क काहीच नाही. १८०४ सालचा द मॅनव्हिल खटला प्रसिद्ध आहे. आई इंग्रज, बाप फ्रान्समधून आलेला, दोघं वेगळे राहत होते. मूल आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. बापाने ते आईपासून हिसकावून नेलं. आई न्यायालयात गेली. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितलं की कायद्याने मुलावर हक्क बापाचाच. निकाल तेवढ्यावर संपला. आईने मुलाला पुन्हा कधी बघायचं, हा प्रश्न त्या कायद्याला पडतच नव्हता, कारण जिचा हक्क नाही तिची भेट कसली?

हा प्रश्न पाडायला लावला कॅरोलाइन नॉर्टन हिने. नाटककार शेरिडनची ही नात. १८०८ चा जन्म, स्वतः लेखिका, कवयित्री. १८२७ साली जॉर्ज नॉर्टनशी लग्न झालं, तीन मुलगे झाले. नवरा वकील होता, खासदारही होता, आणि मारहाण करायचा. १८३६ साली भांडण विकोपाला गेलं तेव्हा त्याने तिन्ही मुलांना घराबाहेर हलवलं आणि पुढे स्कॉटलंडला आपल्या बहिणीकडे पाठवलं. वर पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर बायकोशी संबंध ठेवल्याचा दावा लावला. तो दावा जूरीने जागेवरून न उठता फेटाळला. बाई निर्दोष ठरली, पण मुलं परत आली नाहीत. धाकटा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कॅरोलाइन मोठ्या घरातली, राजकारण्यांच्या ओळखीची, हातात लेखणी असलेली बाई होती. तिने पत्रकं लिहिली, एक तर पुरुषाचं टोपणनाव घेऊन, आणि ती खासदारांमध्ये वाटली. टालफर्ड नावाच्या खासदाराने विधेयक आणलं. १८३८ साली ते उमरावांच्या सभेत पडलं. विरोध करणाऱ्यांत लॉर्ड ब्रूम होते, आणि त्यांचा युक्तिवाद मजेशीर होता. त्याचा मथितार्थ असा, की कायदा बायकांना कठोर आहे हे मान्य, पण बायकांवर कायद्याने इतर इतके अन्याय होतात, मग याच एकाला हात का लावायचा? असले युक्तिवाद आपल्याही विधिमंडळांनी ऐकलेले आहेत. असो. १८३९ साली विधेयक मंजूर झालं.

या कायद्याने आईला दोन गोष्टी मागायची मुभा दिली. सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा, आणि त्याहून मोठ्या अज्ञान मुलांची भेट. न्यायाधीशाला योग्य वाटेल त्या वेळी, योग्य वाटतील त्या अटींवर. चौथा शब्द कायद्यात आला तो इथे. मात्र तो कसा आला ते पाहा. तो आईचा अर्ज म्हणून आला. जिच्यावर व्यभिचार सिद्ध झाला आहे तिला अर्जच करता येणार नाही, अशी अटही सोबत आली. मुलाला आई हवी आहे का, हे विचारायची सोय त्यात नव्हती. मूल सात वर्षांचं झालं की ते पुन्हा बापाचं.

आणि कॅरोलाइनला स्वतःला काय मिळालं? कायदा इंग्लंडचा, मुलं स्कॉटलंडमध्ये. तिथे तो चालत नव्हता. १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला, जखम चिघळली. आईला निरोप गेला. ती पोचेपर्यंत मुलगा गेलेला होता. त्यानंतर कुठे नवऱ्याने उरलेल्या दोन मुलांना तिला भेटू द्यायला सुरुवात केली. जिच्यामुळे भेटीचा कायदा झाला तिला भेट मिळाली ती कायद्याने नव्हे, एका मुलाच्या मरणाने.

पुढे १८५७ साली इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा मोठा कायदा झाला. त्याआधी घटस्फोट हवा तर संसदेतून खास कायदा करून घ्यावा लागे, आता न्यायालय झालं. या कायद्यात मुलांबद्दल एक कलम घातलं, कलम ३५. त्यातले शब्द : ताबा, पोषण आणि शिक्षण. सापडले! आपल्या १९५५ च्या कलमाचे पणजोबा हेच. १८३९ च्या कायद्यातला भेटीचा शब्द या कलमात घेतला नाही. घ्यायची गरज वाटली नसावी. तिथले न्यायाधीश 'ताब्या'चा अर्थ लावतानाच भेटीचेही आदेश देऊ लागले. पण कायद्याच्या मजकुरात नसणं याचे परिणाम लांबवर जातात. इंग्रजांनी भारतात नेला तो १८५७ चा मजकूर.

तो आला १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यातून. हा कायदा ख्रिस्ती लोकांसाठी होता. कलम ४१ पासून पुढे मुलांची व्यवस्था, आणि शब्द तेच तीन. जाता जाता एक गोष्ट सांगतो. या कायद्यात 'अज्ञान मूल' कोण, याची व्याख्या वर्णावर होती. बाप 'नेटिव्ह' असेल तर मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी तेरापर्यंत अज्ञान. एरवी अविवाहित मूल अठरापर्यंत. म्हणजे मुंबईतल्या एका देशी ख्रिस्ती बाईची चौदा वर्षांची मुलगी या कायद्याच्या नजरेत मूलच नव्हती.

बाकीच्यांचं काय? आपल्याकडे घटस्फोट नव्हताच, असं जे सर्रास म्हटलं जातं ते अर्धवट आहे. ब्राह्मण आणि तत्सम जातींत नव्हता. कित्येक जातींत काडीमोड होता, सोडचिठ्ठी होती, आणि दुसऱ्या लग्नाला पाट लावणं म्हणत. आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींच्या रीती सरकारसाठी गोळा करून १८२७ साली छापल्या, त्यात हे सगळं येतं. मुलाबद्दलचा सर्वसाधारण समज मात्र लंडनपेक्षा फार वेगळा नव्हता : मूल वंशाचं, म्हणजे बापाच्या घरचं, अगदी तान्हं असलं तर काही वर्षं आईजवळ. भेटीगाठी जातीच्या पंचांवर, गावाच्या अंतरावर, मामा आणि काका यांच्या तोंडावर अवलंबून. आणि ज्या जातींत काडीमोड नव्हता तिथे नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी, मूल तिच्याजवळ, बाप दुसरं लग्न करून मोकळा. तिथे बापाने भेट मागितल्याचं क्वचितच दिसतं. त्याला कोणी विचारलंही नाही.

हिंदूंसाठी घटस्फोटाचा लेखी कायदा आधी बडोद्यात झाला, सयाजीरावांच्या राज्यात, १९३१ साली. मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये केला. देशासाठी १९५५.

पण त्याआधी पालकत्वाचा एक कायदा झाला होता, तो अजून चालू आहे : १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्याच्या पोटात दोन प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध वाहतात. कलम १७ म्हणतं, मुलाचं हित पाहा, मूल समजतं असेल तर त्याची पसंतीही पाहा. कलम १९ म्हणतं, बाप हयात आहे आणि नालायक नाही, तर दुसरा पालक नेमूच नका. पुढची शंभर वर्षं वकील या दोन कलमांमध्ये रस्सीखेच करत राहिले. भेटीविषयी कलम यातही नाही.

या दोन प्रवाहांमध्ये सापडलेली एक बाई आपल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त या संदर्भात माहीत नाही. ॲनी बेझंट. होमरूलच्या, थिऑसॉफीच्या. त्यांची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण एकाच आयुष्यात त्या या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या.

बेझंटबाईंचं लग्न १८६७ साली एका पाद्र्याशी झालं. मुलगा डिग्बी, मुलगी मेबल. धर्मावरचा विश्वास उडाला, १८७३ मध्ये दोघं विभक्त झाली. करारनामा झाला : मुलगा बापाकडे, मुलगी वर्षाचे अकरा महिने आईकडे, एक महिना बापाकडे. आजच्या भाषेत याला समजुतीची व्यवस्था म्हणतील. चारपाच वर्षं ती चालली. मग १८७७ मध्ये बेझंटबाईंनी ब्रॅडलॉ यांच्याबरोबर संततिनियमनाचं एक पुस्तक छापलं आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पुढच्या वर्षी नवऱ्याने अर्ज केला : ही बाई निरीश्वरवादी आहे, असली पुस्तकं छापते, मुलगी माझ्या ताब्यात द्या. न्यायमूर्ती जेसल यांनी दिली. मेबल तेव्हा सात वर्षांची. बाई चांगली आई नाही असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. तिची मतं वाईट ठरली. १८७९ मध्ये वरच्या न्यायालयानेही ताब्याचा निकाल कायम ठेवला.

मुलांना भेटण्याचा हक्क मात्र बाईंना मिळाला. आणि तो त्यांनी सोडून दिला. आत्मचरित्रात त्यांनी याचं कारण सांगितलं आहे. प्रत्येक भेटीच्या निमित्ताने भांडण पेटतं, मुलांची मनं ओढली जातात, म्हणून मुलं मोठी होऊन स्वतः ठरवेपर्यंत भेटायचं नाही, असा निश्चय त्यांनी केला. मोठी झाल्यावर दोन्ही मुलं त्यांच्याकडे आली.

या निर्णयावर आमच्यात एकमत नाही, हे मोकळेपणी सांगतो. कोणी म्हणेल, केवढा त्याग. कोणी म्हणेल, आठ वर्षांच्या मुलीला त्याग कसा कळावा? तिला इतकंच कळलं असेल की आई येईनाशी झाली. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. भेट जेव्हा फक्त आईचा किंवा बापाचा हक्क असते, तेव्हा ती सोडून देणंही त्यांच्याच हातात असतं. मुलाला त्यात मत नसतं. त्या काळी मुलाच्या मताची किंमत काय होती, हे १८८३ च्या एगर-एलिस खटल्यात दिसतं. मुलगी सोळा वर्षांची, तिला सुट्टी आईबरोबर घालवायची होती. बापाने नाही म्हटलं. आईच्या भेटी त्याने मोजून दिलेल्या, पत्रंही त्याच्या नजरेखालून जायची. न्यायालय म्हणालं, बापाच्या अधिकारात आम्ही पडणार नाही.

आता सत्तावीस वर्षं पुढे, मद्रासला. १९१० साली नारायणय्या नावाच्या गृहस्थांनी आपल्या दोन मुलांचं पालकत्व लेखी देऊन बेझंटबाईंकडे सोपवलं. थोरला कृष्णमूर्ती, पुढे जगभर गाजलेले जे. कृष्णमूर्ती; धाकटा नित्यानंद. पुढे बापाचं मन बदललं आणि १९१२ मध्ये त्यांनी मुलं परत मागितली. मुलं तोवर इंग्लंडला गेली होती. मद्रास उच्च न्यायालयात बाईंनी आपली बाजू स्वतः मांडली आणि त्या हरल्या. चौतीस वर्षांपूर्वी बापाच्या हक्काने त्यांची मुलगी नेली होती, आता पुन्हा बापाचा हक्क. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. त्यात तांत्रिक मुद्दे बरेच होते, पण एक साधा होता : या मुलांचं हित कशात आहे हे पाहिलं का, आणि त्यांना काय हवंय हे कोणी विचारलं का? कोणी विचारलं नव्हतं.

नारायणय्यांची बाजू खोटी होती असं मुळीच नाही. बापाने दिलेलं पालकत्व त्याला परत घेता येतं, हेही प्रिव्ही कौन्सिलने मानलंच. पण भारतातल्या कज्ज्यांमध्ये 'मुलाला विचारा' हे वाक्य इतक्या वरून आलं ते यात, म्हणून हा खटला लक्षात ठेवायचा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आपण भराभर घेऊ. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा : नैसर्गिक पालक बाप, 'त्याच्यानंतर' आई, पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ. १८३९ मधलं सात इथे पाच झालं, बाकी सांगाडा ओळखीचा. कलम १३ मध्ये मात्र मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हे. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, त्याच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ लावला गेला. १८९० च्या त्या कलम १९ मध्ये बापाच्या जोडीला आई हा शब्द घालायला २०१० साल उजाडलं.

आपल्याकडे खरा फरक पडला तो इमारतीने. १९८४ चा कौटुंबिक न्यायालयांचा कायदा, आणि १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई इथे सुरू झालेली न्यायालयं. समुपदेशक नेमले गेले. मुंबईत वांद्र्याच्या न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा केली, तिला चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स म्हणतात, खेळणी ठेवली. भेट आता कागदावरून एका खोलीत आली. ही लहान गोष्ट नाही. ज्या जोडप्याला एकमेकांचं तोंड बघायचं नाही, त्यांना मूल एका हातातून दुसऱ्या हातात द्यायला तटस्थ जागा लागते. तिथे एखादं मूल दारातच आईचा पदर धरून बसतं, आणि बाप खेळण्यांच्या कपाटाजवळ उभा असतो. दुसरं एखादं मूल वेळ संपली तरी बापाचा खांदा सोडत नाही. दोन्ही वेळी समुपदेशकाला घड्याळ बघावंच लागतं.

आदेश कसे असतात ते आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. महिन्यातले अमुक शनिवार, अमुक ते अमुक वेळ. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. वाढदिवसाचे दोन-तीन तास. वाचताना शेताच्या वाटणीपत्राची आठवण येते. दोष त्या न्यायाधीशांचा नाही. कायद्याने त्यांच्या हातात जे तीन शब्द दिले, त्यांतूनच त्यांना हे काढावं लागतं. त्यामुळे एका शहरात मुलाला दर आठवड्याला भेट मिळते, दुसरीकडे महिन्यातून दोनदा, आणि का, याला उत्तर नसतं. मुलाने यायला नकार दिला तर तो त्याचा नकार की शिकवलेला? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं मन एका पालकाविरुद्ध कलुषित होण्याचा धोका नाव घेऊन मांडला. तो धोका खरा आहे. पण आता तोच आरोप दोन्ही बाजूंचे वकील सरसकट करतात, आणि जिथे मूल खरोखर घाबरलेलं असतं तिथे त्याची भीतीही 'शिकवलेली' ठरू शकते. नॉर्टनची मुलं मारकुट्या बापाच्या हाती होती, हे अशा वेळी विसरू नये.

२०१५ मध्ये गोव्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूल पाचाच्या आतलं, उच्च न्यायालयाने ताबा बापाला दिला होता. तो निकाल फिरवताना न्यायालयाला भेटीचा हक्क म्हणजे नेमकं काय, ताब्यापासून तो वेगळा कसा, हे समजावून सांगावं लागलं : मूल एकाच्या ताब्यातून न काढता दुसऱ्याला ते भेटू देणं. १८३९ मध्ये कायद्यात आलेला शब्द, आणि १७६ वर्षांनी न्यायालय त्याचा अर्थ सांगतंय. २०२० च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचा हक्क आहे, आणि आईबाप वेगवेगळ्या देशांत असतील तर रोज काही मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलणं हाही त्याचाच भाग. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली आणि एकाच शहरात राहणाऱ्या आईबापांनाही तोच मार्ग उरला.

२०१५ मध्येच विधी आयोगाने २५७ वा अहवाल दिला. १८९० च्या कायद्यात एक नवं प्रकरण घालावं, त्यात ताबा, मुलाचा खर्च आणि भेटीची व्यवस्था यांचे नियम असावेत, संयुक्त ताब्याचीही तरतूद असावी, असं त्यात सुचवलं आहे. मसुदा तयार आहे, वाचायलाही मिळतो. तो कायदा झालेला नाही. कलम २६ आजही तीन शब्दांचंच आहे.

वेळ होत आली. मागे बसलेल्या एका ताईंनी आधीच चिठ्ठी पाठवली आहे : आजी-आजोबांच्या भेटीचं काय? त्यापासूनच प्रश्नोत्तरांना सुरुवात करू.